नॉइज कॅन्सलिंग हेडफोन आहेत, तरी गोंगाट सोसत नाही? ऑटिस्टिक प्रौढांसाठी पायरीपायरीने मार्गदर्शन

"हेडफोन घेतले, पण काही उपयोग झाला नाही." ऑटिस्टिक मित्रमैत्रिणींकडून हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता मी त्यावर एकच प्रश्न विचारते : कानावर कधी चढवले होते? उत्तर बहुतेक वेळा सारखंच असतं. गर्दीत शिरून अर्धा तास झाल्यावर. डोकं भणभणायला लागल्यावर. समोरचा काय बोलतोय ते कळेनासं झाल्यावर. म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणायला घेतली. शरीर एकदा त्या टोकाला पोचलं की आवाज बंद झाला तरी ते लगेच खाली उतरत नाही, आणि खापर फुटतं हेडफोनवर.

ही झाली वेळेची चूक. दुसरी चूक खरेदीच्या वेळी होते : त्रास एका प्रकारच्या आवाजाचा असतो आणि हेडफोन दुसऱ्याच प्रकारच्या आवाजासाठी घेतले जातात. तिसरी चूक हेडफोन काढण्याची, आणि तिच्याबद्दल फारसं कोणी बोलतच नाही. मी स्वतः ऑटिस्टिक आहे, रोज हेडफोन वापरते. या तिन्ही गोष्टी मला कोणी क्रमाने सांगितल्या असत्या तर बरीच वर्षं सोपी गेली असती, म्हणून इथे त्या क्रमाने लिहिते आहे.

ऑटिस्टिकसाठी मराठीत रूढ असलेला 'स्वमग्न' हा शब्द मी वापरत नाही. गोंगाटाच्या बाबतीत तर तो अगदीच उलटा आहे. आपण स्वतःत मग्न नसतो, बाहेरचं सगळंच्या सगळं एकदम आत येत असतं.

पायरी १ : खरेदीआधी आठवडाभर आवाजांची नोंद

दुकानात जाण्याआधी एक छोटी वही घ्या किंवा फोनमध्ये एक टिपण उघडा. सात दिवस, आवाजाने त्रास झाला की चार गोष्टी लिहायच्या : कोणता आवाज, कुठे, किती वेळ चालला, आणि शरीरात काय झालं.

'शरीरात काय झालं' हा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. तिथे 'वैताग आला' असं लिहू नका, 'जबडा आवळला' असं लिहा. आपल्यापैकी अनेकांना शरीराच्या आतले इशारे उशिरा कळतात. भूक लागल्याचं कळत नाही, लघवीला लागल्याचं कळत नाही, तसाच ताण चढल्याचंही कळत नाही. भावना ओळखता आली नाही तरी हात कुठे आहेत, खांदे कुठे आहेत, श्वास कसा चाललाय हे पाहता येतं.

माझ्या जुन्या वहीतल्या एकाच दिवसाच्या दोन नोंदी अशा आहेत. दुपारी ३ : "बैठक. एसीची घरघर. दोघं एकदम बोलतायत. खांदे वर चढलेत. एकच ओळ तिसऱ्यांदा वाचतेय." रात्री ९ : "स्वयंपाकघरात झाकण पडलं. रडू आवरलं नाही. अर्धा तास बोलता आलं नाही." फक्त रात्रीची नोंद असती तर मी म्हटलं असतं, मला झाकण पडल्याचा त्रास होतो. दोन्ही शेजारी ठेवल्यावर दिसलं की झाकण निमित्त होतं, ताण दुपारी तीनपासून साठत आला होता. हेडफोन रात्री नऊला नव्हे, दुपारी पावणेतीनला हवे होते.

आठवडा संपला की नोंदींचे चार गट पाडा :

- सलग आणि खर्जातले आवाज : एसी, पंखा, फ्रीज, बस-रेल्वे-विमानाची घरघर.
- अचानक आणि टोकदार आवाज : भांडं पडणं, दार आपटणं, भुंकणं, हॉर्न, लहान मुलाची किंकाळी.
- बोलणं : विशेषतः दोन-तीन संवाद एकाच वेळी, किंवा शेजारच्याचा फोन.
- बारीक पण असह्य आवाज : चघळणं, नाक ओढणं, पेनाची टिकटिक. याला मिसोफोनिया म्हणतात. तिथे आवाजाचा मोठेपणा हा मुद्दाच नसतो, तो विशिष्ट आवाजच सहन होत नाही.

तपासा : नोंदींमध्ये प्रखर दिवे, लुकलुकणारी ट्यूबलाइट, अत्तराचा वास किंवा अंगाला होणारे धक्के पुन्हा पुन्हा येतायत का? येत असतील तर हेडफोन एकटे पुरे पडणार नाहीत. टोपी, गडद काचांचा चष्मा किंवा गर्दी नसलेली वेळ निवडणं हे त्यांच्या जोडीला लागेल.

पायरी २ : हेडफोन कोणता आवाज अडवतात ते समजून घ्या

या हेडफोनमध्ये आवाज दोन वेगळ्या मार्गांनी कमी होतो, आणि दोन्हींची गल्लत झाली की अपेक्षाभंग ठरलेला.

पहिला मार्ग यंत्राचा. हेडफोनवरचे बारीक मायक्रोफोन बाहेरचा आवाज टिपतात, आतलं सर्किट त्याच्या बरोबर उलटी लहर तयार करतं, आणि दोन लहरी एकमेकींना खोडतात. हे सलग, अंदाज बांधता येणाऱ्या, खालच्या पट्टीतल्या आवाजांवर छान चालतं, ढोबळमानाने १००० हर्ट्झच्या खालच्या. म्हणूनच विमानात हे हेडफोन जादूसारखे वाटतात. भांडं पडल्याचा आवाज मात्र इतका अचानक आणि इतक्या वरच्या पट्टीत येतो की यंत्राला तो पुरता खोडता येत नाही.

दुसरा मार्ग साध्या अडथळ्याचा : कानाभोवतीची गादी, जाड कवच, कानात घट्ट बसलेलं टोक. वरच्या पट्टीतले, टोकदार आवाज बऱ्याच अंशी याच मार्गाने अडतात. बॅटरी संपली तरी हा अडथळा शाबूत राहतो.

आता सगळ्यात जास्त गोंधळ कशावरून होतो ते सांगते. "हेडफोन चालू केले आणि शेजारच्याचं बोलणं उलट जास्तच ऐकू यायला लागलं." हा भास नाही. एसीची घरघर आतापर्यंत त्या बोलण्यावर पांघरुणासारखी पसरलेली होती. यंत्राने पांघरूण ओढून घेतलं, आणि शब्द ज्यामुळे कळतात तो वरच्या पट्टीचा भाग तसाच राहिला. हेडफोन बिघडलेले नाहीत. उपाय पाचव्या पायरीत आहे.

सावधान : कारखान्यातल्या यंत्राजवळ, ड्रिलजवळ किंवा फटाक्यांजवळ कानांच्या संरक्षणासाठी हे हेडफोन पुरेसे धरू नका. त्यासाठी डेसिबलचं मानांकन असलेले इअरमफ किंवा इअरप्लगच लागतात.

पायरी ३ : वहीतल्या गटाप्रमाणे निवड

पहिला गट सगळ्यात मोठा असेल तर कानाला पूर्ण वेढणारे नॉइज कॅन्सलिंग हेडफोन घ्या. बहुतेकांची सुरुवात यानेच चांगली होते.

दुसरा गट मोठा असेल तर महागड्या यंत्राआधी साधे इअरमफ लावून पाहा, बांधकामावरचे कामगार लावतात तसे. त्यांना बॅटरी नसते, बटण नसतं, अद्ययावत करायचं काही नसतं. आवाज किती कमी होतो ते सांगणारा डेसिबलचा आकडा पाकिटावर एनआरआर किंवा एसएनआर या नावाने असतो, साधारण २० ते ३० च्या घरातला. तो प्रयोगशाळेतला असतो, रोजच्या वापरात त्याहून कमीच मिळतो. तरीही १० डेसिबल घट म्हणजे आवाज जवळजवळ निम्मा वाटतो, हे लक्षात घेतलं तर फरक मोठा आहे.

तिसऱ्या गटासाठी, म्हणजे बोलणं कमी करायचंय पण कळायलाही हवंय तेव्हा, सगळ्या पट्ट्या सारख्याच प्रमाणात खाली आणणारे, गाळणी बसवलेले इअरप्लग मिळतात. वादक आणि गायक तेच वापरतात. फोमचे साधे बोळे वरच्या पट्ट्या जास्त गिळतात, त्यामुळे बोलणं मातकट होतं.

चौथ्या गटाला एकटा अडथळा सहसा पुरत नाही. गादीखाली मंद आवाज लावावा लागतो.

कानात घालायचे नॉइज कॅन्सलिंग इअरबडही आहेत. लहान असतात, नजरेत भरत नाहीत. पण कान बुजला की स्वतःचं चावणं, गिळणं, पावलांचा धपधप आवाज डोक्यात घुमतो. मला ते जेवताना दहा मिनिटंही सहन होत नाहीत. काहींना मात्र डोक्यावर बँडचा दाबच नको असतो, त्यांना हेच बरे. कानात काही घालणं सोसतं की डोक्यावर काही ठेवणं सोसतं, याचं उत्तर तुमची त्वचा देईल.

निवडताना गाण्याच्या दर्जाविषयीची परीक्षणं बाजूला ठेवा. आपल्याला या गोष्टी पाहायच्यात :

- वजन. २५० ग्रॅम आणि ३५० ग्रॅम यांतला फरक पहिल्या मिनिटाला जाणवत नाही, चाळिसाव्या मिनिटाला मानेत जाणवतो.
- गादीचं कापड. कृत्रिम चामड्याखाली घाम येतो, विणलेल्या कापडातून आवाज थोडा जास्त झिरपतो.
- खरं दाबायचं बटण. स्पर्शाने चालणारा पृष्ठभाग केस लागले तरी हुकूम मानतो, आणि हात थरथरत असताना त्यावर भलतंच काहीतरी होतं.
- सूचनांचे आवाज बंद करता येतात का.
- परत करण्याची मुदत. ती नसेल तर घेऊच नका.

हा शेवटचा मुद्दा हट्टाने सांगते आहे, कारण नॉइज कॅन्सलिंग चालू होताच काहींना कानात दडा बसल्यासारखं, लिफ्ट खाली जावी तसं वाटतं. हवेचा दाब खरंतर बदललेला नसतो, पण जाणीव खरी असते. काहींना मळमळतं, गरगरतं. हे दुकानातल्या दोन मिनिटांत कळत नाही.

पायरी ४ : घरी, शांत असताना बसवणं

बहुतेक जण ही पायरी गाळतात. खोकं उघडतात, चार्ज करतात आणि थेट गर्दीत जातात. नवी वस्तू, नवा दाब, नवा वास आणि नवा गोंगाट, सगळं एकाच दिवशी. हे करू नका.

पहिलं काम, फटी शोधणं. पंखा किंवा एसी चालू करा, जवळ बसा, हेडफोन लावा, नॉइज कॅन्सलिंग चालू करा. आता दोन्ही तळव्यांनी गाद्या कानांवर अलगद दाबा. दाबल्यावर घरघर आणखी कमी झाली तर कुठेतरी फट आहे. मी पहिल्यांदा असं केलं तेव्हा डाव्या बाजूला पंखा चक्क गायब झाला आणि हात सोडताच परत आला. माझ्या चष्म्याची काडी गादी उचलून धरत होती. काडी जराशी वर सरकवून केस गादीच्या बाहेर काढले तेव्हा फरक पडला. बारीक काडीचा चष्मा घेतल्यावर प्रश्न मिटला. कानातले, दाढी, टोपीची कड आणि ओढणी यांमुळेही अशीच फट पडते.

दुसरं काम, दाब. नवे हेडफोन डोकं आवळतात. वापरत नसताना ते डोक्याच्या रुंदीच्या पुस्तकांच्या गठ्ठ्यावर रात्रभर चढवून ठेवा. बँड हळूहळू सैलावतो. हाताने ताणू नका, बिजागरी तुटते.

तिसरं काम, यंत्राचं तोंड बंद करणं. अ‍ॅपमध्ये जाऊन 'बॅटरी कमी आहे', 'जोडणी झाली' असं बोलणारे आवाज बंद करा, निदान त्यांची पातळी खाली आणा. फोनच्या सूचना आणि रिंगही हेडफोनमध्ये येणार नाहीत असं करा. गच्च शांततेत कानाच्या आत अचानक कोणीतरी बोलणं हे बाहेरच्या हॉर्नपेक्षा वाईट असतं. बॅटरीची सूचना बंदच होत नसेल तर रोज रात्री चार्जिंगला लावणं हाच मार्ग.

चौथं काम, बोटांची सवय. डोळे मिटून तीन कृती करता आल्या पाहिजेत : नॉइज कॅन्सलिंग चालू-बंद करणं, बाहेरचं ऐकू येण्याची सोय चालू करणं, आवाज कमी करणं. ताण चढल्यावर बुद्धी आठवत नाही, बोटं आठवतात.

मग सराव. पहिल्या दिवशी पाच मिनिटं, दुसऱ्या दिवशी पंधरा, मग अर्धा तास, तासभर. कानांच्या वरच्या कडा, टाळू आणि जबड्याचा सांधा कुठे दुखतोय ते पाहा.

तपासा : तासभर घातल्यावर डोकं दुखत नाही, मळमळत नाही, आणि बटणं न पाहता सापडतात. तिन्ही जमल्याशिवाय सहाव्या पायरीकडे जाऊ नका. मळमळ आठवडाभरात कमी झाली नाही तर नॉइज कॅन्सलिंगची पातळी खाली आणून पाहा. तरीही होत असेल तर हेडफोन परत करा आणि इअरमफ घ्या. तुमचं काही चुकलेलं नाही.

पायरी ५ : आत काय ऐकायचं

आधी काहीच नको. नुसतं नॉइज कॅन्सलिंग. अनेकांना एवढंच पुरतं, आणि हे ठाऊक नसल्यामुळे सवयीने गाणी लावली जातात. गाणं हाही शेवटी एक आवाजच. ताण वाढत असताना शब्द असलेलं गाणं म्हणजे आणखी एक माणूस बोलायला आला.

शेजारचं बोलणं टोचत असेल, किंवा चौथ्या गटातला बारीक आवाज असेल, तर ब्राउन नॉइज लावा. तो खर्जातला असतो, दूरच्या धबधब्यासारखा. व्हाइट नॉइजमध्ये वरची पट्टी जास्त असते, त्याचा सुसकारा काहींना टोचतो. पिंक नॉइज दोन्हींच्या मधला. पातळी इतकीच ठेवा की शेजारचे शब्द कळेनासे व्हावेत. ते बुडवून टाकायचे नाहीत. फाइल फोनमध्येच उतरवून ठेवा. इंटरनेट गेलं आणि आवाज मध्येच तुटला तर तो तुटणंही अंगावर येतं.

सावधान : भांड्यांच्या आवाजावर मात करायला गाणं वाढवत नेणं कानांना घातक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रौढांसाठी सुरक्षित मर्यादा आठवड्याला ४० तास, ८० डेसिबलपर्यंत. त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो : ८३ डेसिबलला २० तास, ८६ ला १०. फोनच्या सेटिंगमध्ये कमाल पातळीवर टाच आणता येते. ती आजच लावा.

आणि एक गैरसमज. खाली इअरप्लग, वर इअरमफ, म्हणजे दोन्ही आकड्यांची बेरीज, असं होत नाही. जास्त आकडा असलेल्यात साधारण ५ डेसिबलचीच भर पडते असं धरतात. कान कितीही बंद केले तरी काही आवाज कवटीच्या हाडांतून आत पोचतोच. त्यामुळे दोन्ही घालूनही ऐकू येतंय म्हणून आणखी घट्ट कोंबू नका.

पायरी ६ : बाहेर वापरण्याचा क्रम

१. निघण्याआधी वही आठवा. त्या ठिकाणी तुमचे खांदे साधारण किती वेळाने वर चढतात? वीस मिनिटांनी चढत असतील तर पंधराव्या मिनिटाला फोन थरथरेल असा गजर लावा. आवाजाचा गजर नको.

२. हेडफोन दाराबाहेर असतानाच लावा. आत शिरून नव्हे. दुकान असो, लग्नाचा हॉल असो, दवाखाना असो, उंबरठ्याच्या अलीकडे अर्धं मिनिट थांबा, गाद्या नीट बसवा, केस बाहेर काढा, मग आत. हा अख्ख्या लेखातला सगळ्यात लहान बदल आहे आणि माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त फरक यानेच पडला.

३. आत गेल्यावर आधी बाहेर पडायची वाट आणि जरा शांत कोपरा पाहून ठेवा.

४. कोणाशी बोलायचं असेल तर हेडफोन उचकटू नका. बाहेरचं ऐकू येण्याची सोय चालू करा, बोलणं झालं की परत बंद. तीही सोसत नसेल तर एकाच कानावरची गादी किंचित मागे सरकवा. गोंगाटाच्या मधोमध दोन्ही कान एकदम उघडे पडणं म्हणजे अंधारातून थेट उन्हात येण्यासारखं.

५. गजर थरथरला की बरं वाटत असलं तरी थांबा. जबडा, खांदे, श्वास, हात. यांतल्या दोन गोष्टी आवळलेल्या असतील तर बाहेर पडा. 'अजून एक काम उरकून घेते' हे वाक्य मनात आलं की समजा, आधीच उशीर होतोय.

हेडफोन लावल्यावर स्वतःचा आवाज नीट ऐकू येत नाही, त्यामुळे काही जण ओरडून बोलतात, काही जण पुटपुटतात. घरच्या माणसासमोर एकदा बोलून पाहा आणि 'योग्य' पातळीला घशात कसं वाटतं ते लक्षात ठेवा.

जोराच्या वाऱ्यात मायक्रोफोनवर वारा आपटून घोंघावतं. तेव्हा नॉइज कॅन्सलिंग बंद करा, गादीचा अडथळा पुरेल.

सावधान : रस्ता ओलांडताना, सायकलवर, वाहन चालवताना, रुळांजवळ, फलाटाच्या कडेला नॉइज कॅन्सलिंग बंद आणि निदान एक कान मोकळा. वाहन चालवताना हेडफोन घालायला बऱ्याच ठिकाणी कायद्यानेच बंदी आहे. रस्त्यावरची घरघर तुम्हाला नकोशी असते हे मला ठाऊक आहे. पण मागून येणारी गाडी आपल्याला तिच्यामुळेच कळते, आणि नेमकी तीच हे यंत्र सगळ्यात आधी पुसतं.

वेळ निघून गेली असेल तर

मेल्टडाउन (ताण असह्य होऊन बांध फुटणं) किंवा शटडाउन (आतून बंद पडणं, बोलणं थांबणं) सुरू झालं असेल तर वरचं काहीही आठवायचं नाही. हेडफोन चढवा, सेटिंगशी खेळू नका, त्या जागेतून बाहेर पडा. बोलणं जमत नसेल तर फोनच्या पहिल्या पानावर आधीच लिहून ठेवलेली ओळ दाखवा : "मी ऑटिस्टिक आहे. आत्ता बोलू शकत नाही. मला शांत जागा हवी आहे."

सोबत असणाऱ्यांसाठी : प्रश्न विचारू नका, अंगाला हात लावू नका, आणि तिच्या किंवा त्याच्या डोक्यावरचे हेडफोन कधीही स्वतः काढू नका. 'माझं ऐकू येतंय ना?' म्हणून गादी उचलून पाहणं हा प्रेमाने केलेला छळ आहे. समोर जरा अंतरावर थांबा, दिवे मंद करा, गर्दी हटवा. वेळ लागतो. अर्धा तास लागेल, कधी उरलेला दिवस जाईल.

पायरी ७ : काढण्याची शिस्त

घरी पोचलात. लगेच काढू नका. आधी शांत खोलीत जा, दार लावा. मग नॉइज कॅन्सलिंग बंद करा, गाद्या तशाच राहू द्या. दोन-तीन मिनिटांनी एक कान मोकळा करा. मग दुसरा. हे एवढं हळू करायचं कारण साधं आहे : तासाभराच्या शांततेनंतर फ्रीजसुद्धा ओरडतो.

दुसरा प्रश्न दिवसभराचा. कान कायम झाकलेले ठेवले तर बाहेरून येणारा आवाज मेंदू आतल्या आत वाढवत नेतो. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सामान्य ऐकू येणाऱ्या स्वयंसेवकांना दोन आठवडे जवळजवळ दिवसभर इअरप्लग घालायला लावले. त्यानंतर त्यांना तेच आवाज आधीपेक्षा मोठे वाटू लागले. ज्यांना तेवढेच दिवस मंद सुसकारा ऐकवला, त्यांच्या बाबतीत उलट झालं, आवाज आधीपेक्षा सौम्य वाटू लागले. स्वयंसेवक ऑटिस्टिक नव्हते, पण घरीही दिवसभर कान झाकून बसणाऱ्या आपल्यासारख्यांनी याची दखल घ्यावी.

याचा अर्थ 'सवय होऊ दे' म्हणून स्वतःला गोंगाटात ढकलणं असा मुळीच नाही. ते सल्ले आपण लहानपणापासून पुरेसे ऐकले आहेत. अर्थ इतकाच : जिथे त्रास आहे तिथे हेडफोन निःसंकोच लावा, जिथे शांतता आहे तिथे काढा. शांत घरातही कान उघडे ठेवायची भीती वाटत असेल तर दिवसातून दहा मिनिटं, तुम्ही स्वतः निवडलेल्या, आवडत्या, मंद आवाजासोबत सुरुवात करा. आवाजाची कळ तुमच्याच हातात हवी.

तपासा : महिन्यापूर्वीपेक्षा आता जास्त तास लागतायत का? पूर्वी चालणारे आवाज आता चालेनासे झालेत का? दोन्हींचं उत्तर 'हो' असेल तर कानाच्या डॉक्टरांना किंवा ऑडिओलॉजिस्टला भेटा आणि 'हायपरअकुसिस' (साधे आवाजही असह्य मोठे वाटणं) हा शब्द वापरूनच विचारा. कानात सतत वाजणं, दुखणं, एका बाजूने कमी ऐकू येणं, यांपैकी काही असेल तर महिनाभर थांबूही नका.

पायरी ८ : माणसांना सांगणं

कानावर हेडफोन म्हणजे गाणी ऐकत बसलीये, बोलायची इच्छा नाही, असाच लोकांचा समज होतो. तो आधीच दूर केलेला बरा. लांबलचक खुलासा नको. मी दोनच वाक्यं वापरते : "हे गाण्यांसाठी नाहीत, आवाज कमी करायला आहेत. माझ्याशी बोलायचं असेल तर समोर येऊन हात हलवा, मागून खांद्यावर हात ठेवू नका."

कामाच्या ठिकाणी हे लेखी द्या, ईमेलमधून. दुसरं वाक्य नक्की घाला, कारण लोकांना 'काय करू नका' यापेक्षा 'काय करा' हे सांगितलं तर जमतं. आग लागल्याचा भोंगा तुम्हाला ऐकू येईल का, हे एकदा तिथल्या सरावाच्या दिवशी तपासा. नसेल येत, तर शेजारी बसणाऱ्या एका व्यक्तीकडे तुम्हाला उठवण्याची जबाबदारी नावानिशी द्या.

निगा

घाम आलेल्या गाद्या रोज कोरड्या कापडाने पुसा, कानात जाणारी टोकं आठवड्यातून एकदा काढून धुऊन पूर्ण वाळवा. गादीला चिरा पडल्या किंवा फोम बसला की फट पडते, म्हणून दर काही महिन्यांनी चौथ्या पायरीतली तळव्यांची चाचणी पुन्हा करा. बहुतेक मॉडेलच्या गाद्या सुट्या मिळतात.

पिशवीत फोमच्या इअरप्लगची एक जोडी कायम ठेवा. हेडफोन घरी विसरतील, बिघडतील किंवा कोणीतरी तपासणीसाठी काढायला लावेल, त्या दिवसासाठी. बोळा चिमटीत गुंडाळून बारीक करा, दुसऱ्या हाताने डोक्यावरून कान वर आणि मागे ओढा, बोळा आत सरकवा, आणि तो फुगेपर्यंत बोटाने तीस सेकंद धरून ठेवा. हेही घरीच, शांत असताना, दोन-तीनदा करून पाहा.